फाल्गुनराव कोणत्या गावचा?

फाल्गुनात आयरिश वारसा आणि प्रेमकथा यांचा एकत्र उत्सव करावा, अशी सूचना मदन महाल भागातल्या आमच्या मराठी वाचकांच्या बैठकीत आली आणि तिला तत्काळ विरोध झाला. विरोध करणारे ऐरेगैरे नाहीत. त्यांचे वाचन दांडगे आहे, आणि त्यांचे म्हणणे जबलपुरातच नव्हे, पुण्या-मुंबईतही बहुतेक जाणते लोक मान्य करतील. म्हणूनच ते तपासायला हवे.

पूर्वपक्ष असा. आयर्लंडचा वारसा ही गंभीर वस्तू आहे. तिथली प्राचीन थडगी, मठांतली हस्तलिखिते, 1845 नंतरचा दुष्काळ, देशोधडीला लागलेली माणसे, स्वातंत्र्याचा लढा. मराठी माणसाचा त्या देशाशी संबंध आला तो राजकारणातून : होमरूल हा शब्द आपण तिथून उचलला, लोकमान्यांनी आणि बेझंटबाईंनी तो इथे रुजवला. त्रिपुरी काँग्रेसमुळे तो धागा आमच्या गावापर्यंतही पोचतो. 1939 च्या मार्चमध्ये इथे अध्यक्ष म्हणून आलेले सुभाषबाबू तीन वर्षांपूर्वी डब्लिनला जाऊन आयरिश नेते डी व्हॅलेरांना भेटून आले होते. या सगळ्यात प्रेमकथेला जागा कुठे? प्रेमकथा हा वेळ घालवण्याचा, बाजारात खपणारा माल. तिला वारशाच्या पंक्तीला बसवणे म्हणजे वारशाचा अपमान, आणि आपण तसे करणे म्हणजे निव्वळ अनुकरण. मराठीने प्रेमाची नाटके आणि कादंबऱ्या घेतल्या त्या इंग्रजांकडून. आयर्लंडचे त्यात काही नाही.

विरोधकांची एक गोष्ट आधीच मान्य करतो. 17 मार्चच्या संत पॅट्रिकच्या दिवशी जगभर जो हिरवा गोंधळ चालतो, त्यात बाजार पुष्कळ आहे. शिकागोची नदी त्या निमित्ताने हिरवी रंगवतात, आणि ही रंगवारंगवी 1962 सालापासूनची आहे; तिला कोणी प्राचीन परंपरा म्हणू नये. आम्हाला टोप्या आणि रंग नकोत. वाद वाङ्मयाचा आहे.

प्रेमकथा वारशाच्या बाहेरची, या मुद्द्याचा निकाल जुनी आयरिश हस्तलिखितेच लावतात. बाराव्या शतकातल्या लीन्स्टरच्या ग्रंथात, कवीला कोणकोणत्या कथा यायला हव्यात त्याची यादी आहे. कथांचे प्रकार पाडलेले आहेत : लढाया, गुरांच्या लुटी, समुद्रपर्यटने, मृत्यू, मेजवान्या, आणि त्यांच्याच रांगेत मागण्या घालण्याच्या कथा आणि पळून जाण्याच्या कथा. प्रियकराबरोबर पळून गेलेल्या स्त्रीची गोष्ट हा त्या परंपरेत स्वतंत्र, नाव असलेला प्रकार आहे. ती न येणारा कवी अपुरा कवी.

बरे, ही केवळ यादीतली सोय नव्हे. आयरिश वीरकथांतली सर्वांत मोठी कथा गुरांच्या लुटीची. कॉनॉट प्रांताची राणी अल्स्टरवर चाल करून जाते. पण अल्स्टरचेच मोठमोठे वीर शत्रूच्या छावणीत कसे? याचे उत्तर लढाईत सापडत नाही, ते डिअर्ड्राच्या गोष्टीत सापडते. म्हाताऱ्या राजासाठी राखून ठेवलेली ती मुलगी तरुण नीशाबरोबर पळून गेली. राजाने अभय देऊन त्यांना परत आणले आणि दगा केला. ज्यांच्या शब्दावर ते आले होते ते वीर चिडून शत्रूला मिळाले. प्रेमकथा काढून टाका, महायुद्धाचे कारणच नाहीसे होते. आणि ज्या दगडी थडग्यांना आमचे विरोधक खरा वारसा म्हणतात, त्यांना आयर्लंडमधले खेडूत काय म्हणत आले? डिअरमिड आणि ग्रॉन्या यांची शेज. पळून गेलेले हे जोडपे रोज रात्री नव्या जागी मुक्काम करी, म्हणून प्रत्येक मोठ्या शिळेखाली त्यांची एक शेज. आपल्याकडे लेणे दिसले की लोकांनी ते पांडवांच्या नावावर चढवले, तिकडे प्रेमिकांच्या. आता दगड वारसा आणि दगडाचे नाव थिल्लर, हा भेद कोणत्या न्यायाने करायचा?

पुढचे दुष्काळाचे आणि पारतंत्र्याचे पर्व घेतले तरी हेच दिसते. 1801 पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद बंद झाली आणि देश इंग्लंडला जोडला गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1806 मध्ये, सिडनी ओवेन्सन या आयरिश लेखिकेने 'द वाइल्ड आयरिश गर्ल' ही कादंबरी लिहिली. आयर्लंडमध्ये जमिनी बळकावलेल्या इंग्रज जमीनदाराचा मुलगा, बापाने शिक्षा म्हणून त्या देशात पाठवलेला. आणि त्याच्याच पूर्वजांनी उद्ध्वस्त केलेल्या घराण्यातली, हार्प वाजवणारी ग्लोर्विना. कथा प्रेमाची. पण पानापानाखाली टिपा आहेत : जुन्या आयरिश भाषेवर, पोशाखावर, वाद्यांवर, गाण्यांवर. ज्या काळात आयरिश वारसा म्हटले की लंडनचे लोक नाक मुरडत, त्या काळात तो वारसा इंग्रज वाचकाच्या दिवाणखान्यात पोचवला तो या प्रेमकथेने. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांचे निबंध वाचायला कोण बसले होते? डब्लिनच्या बायका ग्लोर्विनाच्या नावाचे दागिने घालून मिरवू लागल्या. ओवेन्सनवर सर्वांत विषारी टीका करणारा क्रोकर हाही आयरिशच होता. घरचेच लोक प्रेमकथेला हलके लेखतात, हे दृश्य मराठी वाचकाला अपरिचित नसावे. हळब्यांची 'मुक्तामाला' आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' यांच्याबद्दल आपले समीक्षक ज्या सुरात बोलत आले, तो सूर हाच.

हीच ओवेन्सन 1811 मध्ये आपल्या अंगणात येते. 'द मिशनरी' या तिच्या कादंबरीत हिलेरियन नावाचा पोर्तुगीज धर्मोपदेशक काश्मीरला जातो, लक्सिमा या ब्राह्मण तपस्विनीच्या प्रेमात पडतो, आणि त्याचे प्रकरण येऊन ठेपते ते गोव्याच्या इन्क्विझिशनसमोर. लेखिका हिंदुस्थानात कधी आली नव्हती. तिची लक्सिमा ग्रंथांतून बेतलेली आहे, तिचे ब्राह्मण्य वाचताना आपल्याला हसू येते. ते मी झाकत नाही. पण कथेची मांडणी पाहा. ज्या काळात ती घडते, त्या काळी खुद्द पोर्तुगाल स्पेनच्या अमलाखाली आहे. पारतंत्र्यात असलेल्या देशाचा माणूस दुसऱ्या देशावर आपला धर्म लादायला निघतो, आणि प्रेम त्याला आरसा दाखवते. हे इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कादंबरीकाराला सुचले असते का? कदाचित. आयरिश बाईला सुचले, एवढे मात्र कागदावर आहे. गोव्यात 1560 साली बसलेले ते न्यायासन कायमचे बंद झाले 1812 मध्ये, म्हणजे कादंबरी निघाल्यावर एका वर्षाने. दोन्ही गोष्टींत कार्यकारणभाव नाही. पण गोव्यातल्या त्या जुलमावरची कादंबरी तो जुलूम चालू असताना एका आयरिश लेखिकेने लिहिली, आणि प्रेमकथा म्हणून लिहिली, याची नोंद मराठी वाचकाने ठेवू नये?

इथे एक मोह मी टाळतो. 1863 ची 'तारा' ही तुळजापूर, शिवाजी आणि अफझलखान यांच्या भोवती रचलेली प्रेमकथा लिहिणारा मेडोज टेलर निवृत्तीनंतर डब्लिनच्या हॅरल्ड्स क्रॉस भागात राहत होता. ठगांवरच्या त्याच्या गाजलेल्या कादंबरीमुळे, स्लीमनने ज्या जबलपुरात ठगांचा बीमोड चालवला त्या आमच्या गावाशीही त्याचे नाते लागते. पण टेलर जन्मला लिव्हरपूलला. डब्लिनला घर केले म्हणून कोणी आयरिश होत नाही. ओढूनताणून यादी वाढवायची नाही. वाढवायची गरजही नाही.

कारण आता प्रश्न येतो तो मराठीचा, आणि इथे पूर्वपक्ष सर्वांत दुबळा आहे. मराठीने प्रेमाची नाटके इंग्रजांकडून घेतली, हे विधान पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे की ते कोणी तपासत नाही. तपासू या. गोविंद बल्लाळ देवलांपासूनच.

देवलांची नाटके सात. त्यांतले पूर्णपणे स्वतंत्र एकच, 1899 ची 'शारदा'. तीन संस्कृतातून आली : 'मृच्छकटिक', 'विक्रमोर्वशीय' आणि बाणाच्या 'कादंबरी'वरून केलेले 'शापसंभ्रम'. उरली तीन. 1890 चे 'झुंजारराव' हे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून. ते निःसंशय इंग्रजी. मग राहिली 1886 ची 'दुर्गा' आणि 1893 चे 'फाल्गुनराव', जे पुढे पदे घालून 'संशयकल्लोळ' झाले. 'दुर्गा'चे मूळ 'द फेटल मॅरेज', म्हणजेच पुढच्या काळात रंगभूमीवर गाजलेली 'इझाबेला'. लेखक टॉमस सदर्न. जन्म डब्लिनजवळ, शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. 'फाल्गुनराव'चे मूळ 'ऑल इन द राँग', 1761. लेखक आर्थर मर्फी. जन्म आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात, 1727. म्हणजे शेक्सपिअर वगळला तर देवलांनी 'इंग्रजी'तून घेतलेली दोन्ही नाटके आयरिश माणसांची आहेत. दोनपैकी दोन.

आणि सदर्नला हे कथानक कुठे मिळाले? ॲफ्रा बेन या लेखिकेच्या एका प्रेमकथेत. नवरा मेला असे समजून दुसरे लग्न केलेली स्त्री आणि अचानक परतलेला पहिला नवरा, हा गाभा बाजारात खपणाऱ्या एका छोट्या कादंबरीचा. आयरिश नाटककाराने त्याची शोकांतिका केली; देवलांनी ती अशा महाराष्ट्रात आणली जिथे विधवेचे दुसरे लग्न हा घराघरातला धगधगता विषय होता. हलका म्हणून हिणवलेला माल दोन शतके चालत चालत आपल्या सर्वांत नाजूक दुखण्यापर्यंत आला. मग हलके काय राहिले?

'संशयकल्लोळ'कडे मात्र सावकाश जायला हवे, कारण तिथे विरोधकांच्या भात्यात एक खरा बाण आहे. ते म्हणतील, मर्फीचे तरी स्वतःचे काय? रस्त्यात मूर्च्छा आलेली तरुणी, तिला सावरणारा परका नवरा, ते खिडकीतून पाहणारी त्याची बायको, खाली पडलेली प्रियकराची तसबीर, ती बायकोच्या हाती लागणे आणि त्यावरून नवऱ्याचे पेटणे : हे सारे 1660 सालच्या मोलिएरच्या 'स्गानारेल'मध्ये आहे. मग फाल्गुनराव फ्रेंच म्हणा, आयरिश कशाला?

आक्षेप प्रामाणिक आहे. तसबीर मोलिएरचीच. पण मोलिएरचे नाटक एका अंकाचे आहे आणि त्याच्या नावातच नवऱ्याचा भ्रम आहे; हसे होते ते त्या एका माणसाचे. मर्फीने त्याचे पाच अंक केले आणि तोल बदलला. त्याच्या सर जॉन रेस्टलेसइतकीच त्याची बायको संशयाने पछाडलेली आहे, आणि प्रेमिकांची जोडीही त्याच रोगाने आजारी. नाटकाचे नावच सांगते की सगळे चुकलेले आहेत. आता देवलांकडे पाहा. कृत्तिकाबाई फाल्गुनरावांपेक्षा तसूभर तरी कमी संशयी आहेत का? अश्विनशेठ आणि रेवती एकमेकांवर विश्वास ठेवू शकतात का? संशयाची ही समान वाटणी मोलिएरच्या एका अंकात मावणारी नव्हती. ती मर्फीची. आधी देवलांनी नाटकाच्या नावात तसबिरीचा घोटाळा ठेवला होता. संगीत रूपात तसबीर गेली आणि कल्लोळ उरला. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देणारे देवल कसलेले कारागीर होते. नाटकाचा भार एका वस्तूवर नसून सर्वांच्या मनःस्थितीवर आहे, हे त्यांनी नेमके ओळखले.

राहिला प्रश्न मर्फी फ्रेंचपर्यंत पोचला कसा. तो कॅथलिक घरातला. आयर्लंडमध्ये कॅथलिक शिक्षणावर बंदी होती, म्हणून अशा घरांतली मुले समुद्रापार जात. मर्फी फ्रान्समधल्या सेंत ओमेरच्या जेझुइट विद्यालयात वाढला. परत आल्यावर कॉर्कला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी केली, मग लंडन. नट झाला म्हणून वकिलांच्या एका संस्थेने त्याला दार बंद केले, दुसरीने घेतले. आता सांगा, फ्रेंच प्रहसन इंग्रजी रंगभूमीवर येण्याची ही वाट आयरिश इतिहासातून जाते की नाही? मर्फीला मोलिएरच्या भाषेच्या देशात नेऊन ठेवले ते आयर्लंडमधल्या जुलमी कायद्यांनी. वारसा शोधायचा तो इथे शोधा.

एक आक्षेप उरतो : हे सर्व लंडनला गेले, लंडनसाठी लिहिते झाले, म्हणून इंग्रजच. या न्यायाने इंदूर, बडोदे आणि जबलपूरचे मराठी लेखक कोणाचे ठरतील, हे मी विचारत नाही. आमच्या बैठकीत भांडण नको. पण एक गोष्ट दाखवतो. गोल्डस्मिथ, शेरिडन, वाइल्ड, शॉ. आयर्लंडहून लंडनला आलेल्या या चौघांच्या गाजलेल्या नाटकांत एक सूत्र पुन्हा पुन्हा येते : प्रेमासाठी कोणीतरी आपली पायरी बदलतो. घरंदाज केट दारू वाढणारी मुलगी बनते. श्रीमंत कॅप्टन गरीब कनिष्ठ अधिकारी बनतो, कारण नायिकेने कादंबऱ्या वाचून गरिबाबरोबर पळून जायचे ठरवलेले आहे. वाइल्डचे दोन तरुण नसलेल्या नावाने प्रेम करतात. हे नाटक रंगमंचावर आले ती तारीख 14 फेब्रुवारी 1895. शॉची फूलवाली भाषा बदलून उमरावीण होते. दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर उभा राहिलेला, आतले सगळे शिष्टाचार पाठ असलेला पण आतला न झालेला माणूसच हे इतक्या बारकाईने पाहू शकतो. इंग्रज दिवाणखान्याची चेष्टा करायला उंबऱ्यापर्यंत यावे लागते, आणि उंबऱ्यावरच थांबवले जावे लागते.

देवलांनी नेमकी हीच नस पकडून पुढे नेली. मर्फीची बेलिंडा प्रतिष्ठित घरातली मुलगी. तिच्या लग्नाला सामाजिक अडसर नाही. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. अश्विनशेठचा संशय म्हणूनच नुसत्या प्रियकराचा राहत नाही. त्यामागे साऱ्या समाजाचा संशय उभा आहे की या घरातली मुलगी एकनिष्ठ असूच कशी शकेल. हसताहसता प्रेक्षक रेवतीच्या बाजूला जाऊन बसतो. आयरिश सुखात्मिकेतला पायरी बदलण्याचा प्रश्न देवलांनी मराठी समाजाच्या खऱ्या उंबऱ्यावर आणून ठेवला. याला अनुकरण म्हणणाऱ्याने दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात.

यादी पुढे चालवता येईल, थोडक्यात उरकतो. कुसुमाग्रजांचे 'दूरचे दिवे' हे वाइल्डच्या 'ॲन आयडियल हजबंड'वरून. पु. लं.ची 1975 ची 'ती फुलराणी' ही शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. त्या नाटकाला शॉने स्वतः 'रोमान्स' असे उपशीर्षक दिले आणि शेवटी नायक-नायिकेचे लग्न लावायला साफ नकार दिला. एलायझा फ्रेडीशी लग्न करते, हे मागाहून गद्यात लिहून ठेवले, कारण लोक ऐकेनात. प्रेमकथा म्हणजे गोडगोड शेवट, असे समजणाऱ्यांनी या डब्लिनकराशी वाद घालावा.

शेरिडनचा दाखला विरोधकांनाही आवडतो. त्याने कादंबरीवेड्या नायिकेची टर उडवली, म्हणून. पण हा टर उडवणारा 1772 मध्ये गायिका एलिझाबेथ लिन्लीला घेऊन स्वतः फ्रान्सला पळाला होता, आणि तिच्यापायी दोन द्वंद्वे लढला होता. 'द रायव्हल्स' हे 1775 चे नाटक त्याच अनुभवानंतरचे. नायिकेला हसायचा त्याला अधिकार होता. आपल्याला तो कुठून मिळाला?

आता होमरूल. तो आयरिश, गंभीर, आणि म्हणून स्वीकारार्ह. लोकमान्यांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली 28 एप्रिल 1916 रोजी. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये बंड पेटलेले होते. त्याच 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने 'संशयकल्लोळ' संगीतासह रंगमंचावर आणले. देवल त्याच वर्षी वारले. एका वर्षात आयर्लंडहून निघालेल्या दोन गोष्टी मराठी लोकांपुढे आल्या. एकीचे मूळ आपण अभिमानाने सांगतो, दुसरीचे सांगत नाही. का? एक सभेत आली आणि दुसरी नाटकगृहात, याखेरीज कारण सांगता येईल का? डब्लिनच्या बंडातला एक पुढारी, जोसेफ प्लंकेट हा कवी, फाशीच्या नव्हे तर गोळीच्या शिक्षेची वाट पाहत तुरुंगात होता. शिक्षेच्या आदल्या रात्री तुरुंगातल्या प्रार्थनागृहात त्याने ग्रेस गिफर्डशी लग्न केले आणि 4 मेच्या पहाटे त्याला गोळ्या घातल्या. आयरिश लोकांनी ही गोष्ट वारशातून वगळली नाही.

शेवटचा मुद्दा आमच्या गावाचा. वसंत आणि प्रेमकथा यांचा उत्सव जबलपुरात परका, असे कोणी म्हणू नये. मदन महालाहून फार दूर नसलेले तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. दहाव्या शतकात तिथल्या युवराजदेवाच्या दरबारात राजशेखर होता. तो आपले कूळ महाराष्ट्राचे सांगतो. त्याची 'कर्पूरमंजरी' संपूर्ण प्राकृतात आहे आणि वसंताच्या वर्णनाने सुरू होते. त्रिपुरीच्या दरबारासाठी रचलेली त्याची 'विद्धशालभंजिका' ही तर सरळ घोटाळ्याची प्रेमकथा : राजा स्वप्नात पाहिलेल्या मुलीच्या मूर्तीवर भाळतो, ती मुलगी मुलाच्या वेषात राजवाड्यातच वावरते, आणि राणी थट्टेने त्या 'मुला'चे लग्न राजाशी लावते, ते खरेच ठरते. कलचुरींचे लेख 1955 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध करून हा सारा काळ उजेडात आणणारे वासुदेव विष्णु मिराशी नागपूरचे. मूर्तीवरून घोटाळा त्रिपुरीत, तसबिरीवरून घोटाळा लंडनात आणि पुण्यात. आमच्या विरोधकांना राजशेखराचा उत्सव चालतो, मर्फीचा चालत नाही.

निवाडा वाचकांनी करायचा आहे. उत्सव होवो न होवो, माझी मागणी एवढीच आहे की 'संशयकल्लोळ'चा पुढचा प्रयोग या गावात लागेल तेव्हा फलकावर 'एका इंग्रजी नाटकावरून' ही ओळ नसावी. तिच्या जागी मूळ लेखकाचे नाव लिहावे : आर्थर मर्फी, परगणा रॉसकॉमन, आयर्लंड.